लाळेत सापडलेली म्हैस

माझ्या तोंडाला आतून दाढी येते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या गालाकडे बघतो आणि हसायला नको होतं की काय या विचारात पडतो. त्याची पंचाईत होऊ नये म्हणून पुढचं मीच सांगून टाकतो. डाव्या गालाला आतून कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी तो जबड्याच्या तुकड्यासकट कापून काढला आणि उघड्या पडलेल्या जागेवर छातीवरचं कातडं वर ओढून ठिगळ लावलं. छातीवर केस होते. कातड्याला आपण गाव बदललंय हे कुणी सांगितलं नाही, त्यानं आपला जुना उद्योग तिथंही चालू ठेवला.

मी एसटीत कंडक्टर होतो. घर मानवतला, आणि जिल्ह्यात असा रस्ता नाही जिथली धूळ मी खाल्लेली नाही. तंबाखूही त्याच रस्त्यांवर खाल्ली, धुळीपेक्षा काकणभर जास्तच. ऑपरेशननंतर ओठ एका बाजूला नीट मिटत नाहीत, त्यामुळे 'परभणी' म्हणायला गेलो की पहिल्याच अक्षराला हवा सुटते. ज्यानं सारी उमर खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवला, त्याला आता चहासुद्धा दोनदा मागावा लागतो. याचा मला राग येतो. मी मूळचाच रागीट आहे, आणि नोकरीत तो राग सुट्ट्या पैशांवरून रोज निघून जायचा. रिटायर झाल्यावर तो बिचाऱ्या बायकोच्या वाट्याला आला.

ऑपरेशन लांबच्या मोठ्या शहरात झालं, पण पुढच्या तपासणीला परभणीलाच जायचं होतं. त्या हॉस्पिटलचे डॉक्टर आठवड्यातून एकदा तिथं येऊन बसतात. त्यांच्यात एक तरुण डॉक्टरीण होती. चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट आणि बोलणं इतकं भरभर की मला वाटायचं हिची गाडी सुटायलीय. तिचं एक संशोधन चालू होतं आणि त्यासाठी तिला माझी लाळ हवी होती.

तिनं मला बसवून नीट समजावलं. माझ्या गालातून काढलेली गाठ त्यांनी टाकून दिली नव्हती, प्रयोगशाळेत जपून ठेवली होती. त्या गाठीत आणि लाळेतही निरनिराळी प्रोटीनं असतात. कुणात एखादं जास्त, कुणात कमी. तोंडाच्या कॅन्सरच्या पुष्कळ रोग्यांची ही प्रोटीनं मोजून ठेवायची आणि पुढं कुणाचा रोग उलटला, कोण किती जगलं, ते त्याच्याशी ताडून बघायचं. असं बघता बघता कोणत्या प्रोटीनांवरून पुढचं ओळखता येतं ते हळूहळू कळत जातं. मला तोवर प्रोटीन म्हणजे डाळ आणि अंडी एवढंच माहीत होतं.

"म्हणजे थैलीवरून गाव ओळखायचं," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मग मी माझं शास्त्र सांगितलं. माणूस गाडीत चढला की त्यानं तोंड उघडायच्या आधी त्याचं सामान बघायचं. गोणपाटात बांधलेली भांडी, कोयते, काखेत लेकरू अशी मंडळी राणीसावरगावला चढली, की ही टोळी ऊसतोडीला निघाली. कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेत आणि हात मोकळे, की हा मानवतच्या बाजाराला आलेला. पिशवीतून नवा टॉवेल आणि टोपी डोकावतेय, की लग्न. तिकीट फाडायला मी नुसतं गावाचं नाव ऐकायची वाट बघायचो.

"आणि चुकायचात का कधी?" तिनं विचारलं.

"टॉवेल-टोपीला चुकायचो. ते लग्नालाही नेतात आणि तेराव्यालाही."

ती हसली. म्हणाली, "काका, आमचंही अगदी तसंच आहे. शंभर जणांचं मिळून आम्ही बऱ्यापैकी सांगू शकतो. एकट्या तुमचं नक्की काय होईल ते नाही सांगता येणार. पण तुम्ही जास्त धोक्याच्या गटात निघालात, तर आम्ही तुम्हाला लवकर लवकर बोलावू. रोग परत आलाच तर लहान असतानाच सापडेल. तुम्हाला निकाल कळवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

मी म्हणालो, कळवा. 'कुठं जायचं' असं विचारल्यावर 'बघू' म्हणणारा प्रवासी मला नोकरीत कधी खपला नाही, आणि तोच प्रवासी मी स्वतः व्हावं हे तर मुळीच खपण्यासारखं नव्हतं. हे मी ऐटीत सांगितलं खरं, पण आतून घाबरलेलो होतो. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी माझी जीभ डाव्या गालाकडे जायची आणि रात्रीतून काही नवं उगवलंय का ते चाचपायची. त्या केसांतून काय कळणार होतं, पण जायची. मला कुणीतरी एकदाचं काय ते सांगून टाकायला हवं होतं.

लाळ द्यायच्या दिवशी उठल्यापासून तोंडात काही म्हणजे काही घालायचं नव्हतं. चहा नाही, पेस्ट नाही, फार तर साध्या पाण्याची चूळ. मी शिस्तीचा माणूस, चहावाचून तडफडत कपडे केले. दारात बायको दह्याची वाटी घेऊन उभी होती.

आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला निघताना उंबऱ्यावर हातावर दही-साखर देतात. परीक्षा असो, सोयरीक असो, कोर्ट असो. उजवा तळहात पुढं करायचा, बायको चमचाभर दही आणि त्यावर चिमूटभर साखर ठेवते, ते चाटून टाकायचं आणि मागं न बघता चालू पडायचं. ऑपरेशनलाही मी असाच निघालो होतो आणि जिवंत परत आलो, त्यामुळे त्यातलं निम्मं श्रेय सर्जनचं आणि निम्मं दह्याचं अशी आमच्या घरात वाटणी झालेली होती. मी हात पुढं केला, चाटला आणि बस पकडली. परभणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही. माझ्या मते ते खरंच होतं. दही-साखर हे काही खाणं नाही, ते निघणं आहे.

लाळ देणं हाही एक सोहळाच झाला. खिडकीतून पिचकारी मारण्यात ज्याचा जिल्ह्यात हात धरणारं कुणी नव्हतं, त्याच्यापुढं एक बारकीशी नळी धरली आणि म्हणाले, थुंकू नका, नुसती ओघळू द्या. तोंड ठणठणीत कोरडं पडलं. समोर डॉक्टरीण, बाजूला नर्स, दाराशी आणखी चार पेशंट. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, चिंचेची आठवण काढा. मी चिंच आठवली, कैरी आठवली, वालूरच्या स्टँडसमोरची कांदाभजी आठवली, तेव्हा कुठं नळीचा तळ भिजला. त्यांनी ती बर्फाच्या डब्यात ठेवली आणि मी मोठं काम केल्यासारखा घरी आलो.

आमच्या घरात फोन एकच, तोही बायकोचा. माझं बोलणं फोनवर समोरच्याला कळत नाही, म्हणून हॉस्पिटलातही तिचाच नंबर दिलेला. काही आठवड्यांनी दुपारी तो वाजला. बायकोनं ऐकलं आणि न बोलता माझ्या कानाला लावला.

"काका, त्या दिवशी सकाळी दूध प्यायला होतात का?"

"नाही."

"ताक? लोणी? दही?"

मी बायकोकडे बघितलं. बायको भिंतीकडे बघत होती. "खाल्लं नाही," मी म्हणालो, "हातावर घेतलं होतं."

 पलीकडे डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "काका, तुमच्या लाळेत तुमच्यापेक्षा म्हशीचीच प्रोटीनं जास्त निघाली. परत द्यावी लागेल."

ही गोष्ट घरात राहायला हवी होती, पण त्याच वेळी ओट्यावर माझा जुना ड्रायव्हर येऊन बसलेला. आम्ही दोघांनी एका गाडीवर निम्मी नोकरी काढली. तो मला मास्तर म्हणतो आणि मी त्याला उस्ताद. उस्तादनं संध्याकाळपर्यंत बातमी स्टँडवर पोचवली. दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो तर एकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, सरकी आणि पेंड कुठली चालते. उस्ताद म्हणाला, "मास्तर, रिपोर्ट तर चांगला हाय की. म्हैस बारा-पंधरा वर्सं तर सहज जगती." त्याच्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण हसताना चहा डाव्या बाजूनं शर्टावर सांडला आणि राग राहूनच गेला.

दुसऱ्या खेपेला मी बायकोला आदल्या दिवशीच बजावलं. दह्यात प्रोटीन असतं, ते लाळेत उतरतं, मग माझं कुठलं आणि म्हशीचं कुठलं ते कळत नाही, सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. सकाळी दारात वाटी नव्हती. मी खुश होऊन स्टँडवर गेलो, गाडीत बसलो, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "आवं, थांबवा जराक गाडी."

बायको होती. पदराखाली झाकून वाटी आणलेली. घरून स्टँडपर्यंत चालत, बहुधा पळतच, कारण तिला धाप लागली होती. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीतून दबक्या आवाजात म्हणालो, "अगं, काल सांगितलं ना तुला." ती म्हणाली, "हात काढा भायेर." कंडक्टर नव्या दमाचा पोरगा, तो म्हणाला, "घ्या की काका, गाडीला उशीर व्हायलाय." मागून एक बाई म्हणाली, एवढ्या मायेनं आणलंय. भरल्या गाडीपुढं हट्ट करणाऱ्या प्रवाशाला मी आयुष्यभर नावं ठेवली होती. मी हात बाहेर काढला.

परभणीला गेल्या गेल्या खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. परत येताना सगळ्या रस्त्यानं माझा राग शिजत होता. घरी आलो तर ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चप्पलसुद्धा न काढता सुरू झालो. तुला एकदा सांगितलेलं कळत नाही का, तिथं लोक माझ्यावर हसतात, ती पोरगी किती मेहनत करते, वगैरे वगैरे. ती पिळा झटकत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "मला समदं कळलं होतं. पयल्या येळंला चुकून झालं. आज म्या जानून आनलं."

"कामून?"

"मला भ्या वाटायलंय त्या रिपोर्टचं." ती अजून माझ्याकडे बघत नव्हती. "तुमाला कळलं की तुमी मोकळे. तुमचं काय, तुमी गेलाव की गेलाव. मागं मला राहायचंय. ती तारीख घिऊन मी कुठं बसू?"

 इतकी वर्षं मी समजत होतो की घाबरायचं काम माझ्याकडे आहे आणि दही लावायचं तिच्याकडे. मी पायरीवर बसलो. मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसं आठवलं तसं तिला सांगितलं. रिपोर्टात तारीख नसते. कुणावर जास्त नजर ठेवायची आणि कुणावर कमी, एवढंच त्यातनं कळतं. नजर असली तर रोग बारका असतानाच सापडतो. ती ऐकत राहिली. सगळं वाळत घालून झाल्यावर म्हणाली, "नजर ठिवायची व्हय. मंग तसं सांगायचं की आधी." आणि आत गेली.

तिसऱ्या वेळी ती दारात उभी राहिली, पण हात मोकळे. काय करावं ते तिला सुचेना, मग माझ्या शर्टाची कॉलरच नीट केली. मी त्या दिवशी कोरड्या तोंडानं आणि कोरड्या हातानं गेलो. चिंच आठवावीच लागली नाही, नळी लगेच भरली.

निकालाच्या दिवशी मला एकट्यालाच आत घेतलं. डॉक्टरीणबाई त्या दिवशी भरभर बोलली नाही, त्यावरूनच मला कळलं. माझ्या गाठीतली आणि लाळेतली प्रोटीनं जास्त धोक्याच्या बाजूची निघाली होती. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की याचा अर्थ रोग परत येणारच असा नाही, अभ्यास अजून चालू आहे, या गटातलेही पुष्कळ जण ठणठणीत आहेत. सहा महिन्यांनी बोलवायचं होतं ते आता दर महिन्याला यायचं, आणि घरीही रोज उजेडात तोंड बघायचं. कुठं पांढरं, लाल, खरखरीत दिसलं तर वाट न बघता निघायचं. मी म्हणालो, "टॉवेल-टोपीच निघाली म्हणायची." ती म्हणाली, "काका, लग्नालाही नेतात ना?" मला ती पोरगी फार आवडली. पण बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा तहान लागलेली असूनही उठून पाण्यापर्यंत जाववेना.

गाडीत मी ठरवलं की बायकोला सांगायचं नाही. गालाला ऑपरेशन झाल्याचा एक फायदा आहे, चेहरा एका बाजूनं हलतच नाही, त्यामुळे खोटं बोलताना निम्म्या चेहऱ्याचीच काळजी घ्यावी लागते. घरी पोचल्यावर मी टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणालो, "समदं चांगलं हाय. सहा महिन्यानं बोलीवलंय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला शेवयांची खीर करून दिली. मला चावायला लागू नये म्हणून शेवया बारीक मोडलेल्या. मी मनात म्हणालो, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर तिनं मला हाक मारली. हातात बॅटरी.

"हितं बसा. आ करा."

"कशाला?"

"नजर ठिवायची हाय न्हवं? दर म्हैन्याला जायचंय, आन घरी रोज बगायचंय."

मी आ केला नाही तरी तोंड उघडंच राहिलं. झालं होतं असं, की मी गाडीत असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दिलेल्या तारखेला सुट्टी निघाली, म्हणून पुढच्या महिन्यात एक दिवस आधी या आणि घरी रोज उजेडात तोंड बघायला विसरू नका, एवढाच निरोप. निकालाबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. पण सहा महिन्यांनी बोलावतील असं आधी ठरलेलं आणि आता महिन्यानं, यातलं कळायला बायकोला प्रोटीनं मोजायची गरज नव्हती.

"मंग काल बोलली का न्हाईस?"

"एवढं परभनीहून घोकत आला आसाल. म्हन्लं, एक रात तर नीट झोपू द्यावं मानसाला."

मी खरंच गाढ झोपलो होतो. ती झोपली होती की नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी गुमान आ केला. तिनं बॅटरी आत फिरवली, माझी हनुवटी इकडून तिकडे वळवली आणि म्हणाली, "काई न्हाई."

तेव्हापासून हा आमचा रोजचा कार्यक्रम झाला. येणारेजाणारे फाटकाशी थांबून बघायचे. उस्ताद तर वेळ साधून यायचा आणि बाकावर बसून विचारायचा, "वैनी, काई शिल्लक हाय का आत?" ती रोज त्याच सुरात म्हणायची, "काई न्हाई." ते शब्द आले की माझा दिवस सुरू व्हायचा. डॉक्टरीणबाईंची महिन्याची तपासणी होतीच, पण मला खरा आधार या अंगणातल्या तपासणीचा वाटायला लागला.

मग एक दिवस उस्ताद जेवायला होता. वरणाचा पहिला घास घेतला आणि माझ्या उरल्यासुरल्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या घासाला उस्तादच्या. तो म्हणाला, "वैनी, डाळ हाय का खडी?" तिनं ताटातलं वरण उचलून अगदी नाकाशी नेलं आणि म्हणाली, "कुठं? मला तर दिसंना." मी खडा तळहातावर ठेवून तिच्यासमोर धरला. ज्वारीच्या दाण्याएवढा होता. ती माझ्या तळहाताकडे बघत होती आणि तिला तो दिसत नव्हता.

उस्ताद हात धुवायला गेला आणि धुतच राहिला. मी तिला विचारलं, "रोज सकाळी माझ्या तोंडात तुला काय दिसायलंय?"

तिनं हातातलं वरण ताटात परत ठेवलं. मग म्हणाली, "उजेड."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. मागं एका शिबिरात तिला ऑपरेशन सांगितलेलं, आणि ती चिठ्ठी तिनं चुलीत घातली होती, कारण डोळ्यात सुई म्हटलं की तिचे हातपाय गार पडायचे. एवढं असून ती दह्याची वाटी घेऊन स्टँडपर्यंत पळत आली होती. मला राग यायला हवा होता. इतके दिवस मी एका आंधळ्या 'काई न्हाई'वर पोट भरून जेवत होतो. पण राग आला नाही, नुसती भीती वाटली. माझ्यावर नजर ठेवणारं घरात कुणीच नव्हतं, आणि तिलाही हे इतके दिवस माहीत होतं.

मी काही म्हणायच्या आधीच तिनं सांगितलं, "परभनीला डोळ्याचा दवाखाना कोनत्या वारी आसतो ते इचारून या." आणि ती खरंच दवाखान्यात आली. ऑपरेशनच्या खोलीत जाताना तिनं माझं मनगट असं धरलं होतं की बांगड्यांचे वळ उठले. नर्सनं विचारलं, आजी, घाबरलात का. ती म्हणाली, "लय. पन ह्याइचं त्वांड बगायचंय मला."

दोन्ही डोळे होऊन, काळा चष्मा सुटून, थेंब संपून बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तिनं अंगणात खुर्ची ठेवली. आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी म्हातारे झालाव की," आणि बॅटरी लावली.

"आ करा."

मी आ केला. उजेड आत आला आणि नेहमीचे ते दोन शब्द काही येईनात. तिनं हनुवटी वळवली, परत वळवली.  तोंड उघडं ठेवूनच मी कसंबसं विचारलं, काय आहे. तिनं बॅटरी खाली केली.

"आवं, एवढं कापलंय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, येक गाठ काडली आसंल. निम्मं त्वांडच न्हाई की वो तुमाला. आन तुमी समद्याइला हसवत फिरायलाव."

तिनं पदरानं डोळे टिपले, डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत असं बजावलेलं असूनही. मग पुन्हा बॅटरी लावली. दात होते तिथं, दात नव्हते तिथं, जिभेखाली, ठिगळाच्या सगळ्या कडांवरून, त्या दाढीतूनही तिनं उजेड हळूहळू नेला. एकही कोपरा सोडला नाही. त्याला किती वेळ लागला मला माहीत नाही.

"काई न्हाई," ती म्हणाली.

मला रडू आलं, आणि तोंड उघडंच असल्यामुळे ते लपवताही आलं नाही.